येळवशीचं आवतण आणि बाकीचा मराठवाडा

मराठवाड्याचा बेत आखताना आधी वारांचं गणित सोडवावं लागतं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. म्हणून रविवारी देवगिरी, सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा आणि मग खाली उतरून लातूर, किल्लारी, नांदेड असा क्रम लावला. जानेवारीचा दुसरा आठवडा होता. या दिवसांत दुपारी स्वेटर कमरेला बांधावा लागतो आणि पहाटे कानटोपी शोधावी लागते. आकाश स्वच्छ, ज्वारी हुरड्यात आलेली, आणि जिथं जाल तिथं शाळांच्या सहली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी बुचकळ्यात पडणार नाही. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. यात नजरेचा घेर कडेकडून आत आक्रसत येतो. आधी रात्रीचं दिसणं गेलं, मग बाजूचं. समोरचं अजून बरं दिसतं, पेपर वाचतो, बँकेतलं काम करतो. पण पायाखालची पायरी, बाजूनं आलेली सायकल, अर्धवट उघडं दार हे दिसत नाही. उजेडातून सावलीत गेलो की बराच वेळ सगळं काळं. घडीची पांढरी काठी कपाटात पडून होती. मिरजेत ती उघडायचं जिवावर येई, कारण आमच्या गल्लीत काठी दिसली की संध्याकाळी चार जण आईकडे चौकशीला येणार. तिथं बायकोच्या खांद्यावर हात ठेवून चालतो, तेही अशा ऐटीत की बघणाऱ्याला वाटावं, काय प्रेम आहे!

या वेळी तिला रजा नव्हती. मेव्हणा यायला तयार होता. तो भला माणूस आहे, पण तो मला रस्ता ओलांडून देतो आणि मग आठवडाभर सगळ्या नातलगांना सांगतो. त्याला नको म्हटलं आणि एकटाच निघालो.

रविवार, देवगिरी

संभाजीनगर शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवरचा किल्ला. सकाळी गेट उघडताच पोचा. उन्हं वर आली की पायऱ्या जीव काढतात, आणि वर पाणी मिळेल या भरवशावर राहू नका. यादवांची ही राजधानी. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी इथं चालून आला, आणि पुढं १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं हलवून गावाचं नाव दौलताबाद केलं. चांद मिनार, हत्ती हौद, मेंढा तोफ हे सगळं उघड्यावर आहे, त्यामुळं मला निवांत बघता आलं. खंदकाच्या पुलाशी मात्र एका गृहस्थांनी काठी पाहिली, काही न विचारता दंडाला धरलं आणि पोतं ओढावं तसं ओढत पलीकडं नेलं. मी पलीकडंच जाणार होतो का, हा प्रश्न त्यांना पडला नाही. "थँक्यू" म्हटलं आणि ते गेल्यावर परत अलीकडं येऊन तोफ बघितली.

खरी गंमत पुढं. या किल्ल्यात वर जायची वाट डोंगराच्या पोटातल्या एका वळणावळणाच्या भुयारातून जाते. तिला अंधारी म्हणतात. शत्रूनं आत शिरावं आणि वाट चुकून मरावं अशी तिची रचना. वटवाघळांचा उग्र वास बाहेरूनच येतो. मी तोंडाशी उभा राहून परत फिरायचा विचार करत होतो, तेवढ्यात मागून जिल्हा परिषदेच्या शाळेची सहल आली. गुरुजी ओरडले, "आगगाडी करा रे! कुणी डबा सोडायचा नाही!" साठेक पोरांनी एकमेकांचे खांदे धरले. माझ्यापुढचा सातवीतला पोरगा वळून म्हणाला, "काका, धरा माझ्या खांद्याला. मी सांगतो." मी काही बोलायच्या आत मागच्यानं माझा शर्ट धरला. आता मी डबाच झालो होतो. गाडी थांबवायची म्हणजे साठ पोरांचा खोळंबा.

तो पोरगा आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत एकसारखं सांगत होता. "चढ. चढ. चढ. सपाट. डावीकडं वळण. डोकं खाली. उतर. उतर. सपाट." बस, इतकंच. जपून या, सावकाश, हळू, असलं एक अक्षर नाही. आजवर मला हात देणाऱ्यांनी नेमक्या या तीन गोष्टी सांगितल्या होत्या, आणि या तिन्हींचा उपयोग शून्य. हळू म्हणजे काय? पायरी वर आहे की खाली, एवढं कळलं की माझं काम होतं.

बाहेर उजेडात आल्यावर त्यानं विचारलं, "काका, तुम्हाला खरंच दिसत नाही का?"

"थोडं दिसतं."

"मग शाळेत पहिल्या बाकावर बसत असाल," तो म्हणाला आणि वर बारादरीकडं पळाला.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाला दोन वाक्यं सांगायला लागलो. "मला धरू नका, मीच तुमच्या कोपराच्या वर धरतो आणि अर्धं पाऊल मागं चालतो. पायरी आली की फक्त चढ किंवा उतर म्हणा." आंधळ्याला नेण्याची हीच रीत शिकवली जाते. मला ती वर्षानुवर्षं माहीत होती, पण कधी तोंडून निघाली नव्हती. सांगायचं म्हणजे आधी समोरच्याची मदत हवी आहे हे कबूल करणं आलं.

रात्री जुन्या शहरात नान खलिया खाल्ला. झणझणीत मटण आणि तंदूरची मऊ, पिवळसर, भलीमोठी नान. हॉटेलात मिणमिणता उजेड, त्यामुळं वाटी कुठं आणि लिंबू कुठं ते चाचपडावं लागलं. वाढप्यानं माझं मनगट धरून बोट वाटीच्या काठाला टेकवलं आणि "गरम हाय" म्हणून निघून गेला.

सोमवार, वेरूळ

वेरूळबद्दल इतकं लिहून झालंय की मी थोडक्यात आटपतो. चौतीस लेणी, त्यातलं सोळावं कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, म्हणजे आठव्या शतकातलं, आणि कळसापासून पायथ्याकडं खोदत आणलेलं. भर उन्हात उभं असल्यानं मला ते चांगलं दिसलं. माझ्या नजरेत एका वेळी एक हत्ती मावतो, त्यामुळं इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागला. दहाव्या लेण्यात, सुतारांच्या झोपडीत, दिसण्यापेक्षा ऐकण्यासारखं जास्त आहे. छताला दगडात कोरलेल्या लाकडी वाशांसारख्या फासळ्या आहेत आणि साधं "ॐ" म्हटलं तरी ते घुमत राहतं. तिथं एक गुजराती कुटुंब आळीपाळीनं स्वतःची नावं घेत होतं.

घृष्णेश्वराला पुरुषांना उघड्या अंगानं गाभाऱ्यात जावं लागतं आणि उंबऱ्याशी रेटारेटी असते. रांगेतल्या बाईंना माझी दोन वाक्यं सांगितली. त्यांनी "चढ, उतर" इतक्या खणखणीत आवाजात म्हटलं की पुढची चार माणसंही त्या तालावर पावलं टाकायला लागली.

मंगळवार, अजिंठा

शहरातून शंभरेक किलोमीटर, पहाटे निघावं. आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला सोडून पुढं चार किलोमीटर बसनं जायचं. सुरुवातीच्या पायऱ्यांशी डोलीवाले असतात. खुर्ची, दोन बांबू, चार माणसं. काठी बघून दोघं उठले.

"बसा साहेब, वर नेतो."

म्हटलं, पाय ठणठणीत आहेत, दुखणं डोळ्यांचं आहे. त्यांतला वयस्कर माणूस जरा विचारात पडला. "डोळ्याची डोली न्हाई आपल्याकडं," असं म्हणून तो बिडी विझवून माझ्याबरोबर चालायला लागला. पैसे विचारले, ठरवले, कोपर धरलं.

एक कबूल करतो, पैसे देऊन घेतलेली मदत मला कधीच जड गेली नाही. हमाल, रिक्षावाला, डोलीवाला. पैसे दिले, हिशोब मिटला, दोघंही मोकळे. अडचण फुकटाची. फुकट मदत करणाऱ्याचं काय देणं लागतो ते कळत नाही, आणि मग मी ती घेतच नाही.

पहिल्या लेण्यात चपला काढून शिरलो आणि सगळं काळं झालं. चित्रं टिकावीत म्हणून आतला उजेड मुद्दाम मंद ठेवलाय. फ्लॅशला बंदी, आणि ती योग्यच आहे. ज्या पद्मपाणीसाठी इतक्या लांबून हट्टानं आलो, तो दहा फुटांवर होता आणि मला भिंतसुद्धा दिसत नव्हती. डोलीवाले मामा सांगू लागले, "हा बोधिसत्त्व हाय. हातात फूल हाय. लई भारी हाय."

"अहो, असं नाही सांगत," बाजूनं एका बाईंचा आवाज आला. जालन्याच्या निवृत्त चित्रकला शिक्षिका. त्यांनी विचारलं, "मी सांगू का?" हे विचारणं मला फार आवडलं. मी हो म्हटलं, फुकट असूनही.

त्यांनी वर्णन सुरू केलं. धनुष्यासारख्या भुवया, खाली झुकलेल्या पापण्या, मोत्यांचा सर, उंच मुकुट. मग मध्येच थांबल्या. "नाही, असं नाही कळणार. सरळ उभे राहा. एका पायावर भार घ्या. कंबर तिकडं जाऊ दे. आता खांदा सैल सोडा, मान जराशी कलती करा. उजवा हात वर, बोटांत कमळाचा देठ धरलाय असं समजा. नाजूक धरा हो, बँकेचा शिक्का नाही तो!" (व्यवसाय विचारून घेतला होता.) तर मी, ढेरपोट्या माणूस, काठी काखेत मारून, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात त्रिभंगात उभा. आसपासची कुजबुज थांबली होती. "हं," बाई म्हणाल्या, "आता कुणाकडं तरी खाली बघा, पण त्याला बघताय असं वाटू देऊ नका." दीड हजार वर्षांपूर्वी वाकाटकांच्या काळात कुणीतरी हे एवढ्या बारकाईनं पाहिलं होतं, हे मला माझ्या मानेत कळलं.

सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाला उजेड बरा होता. ती मूर्ती सात मीटर लांब आहे. तळपायापासून सुरुवात करून मी चेहऱ्यापर्यंत तुकड्यातुकड्यानं गेलो. डोलीवाले मामा न कंटाळता थांबले. परतताना ठरल्यापेक्षा जास्त देऊ लागलो तर म्हणाले, "जास्तीचे नको. आज मलाबी पहिल्यांदा कळलं त्यो कसा उभा हाय त्ये."

बुधवार, एसटी

संभाजीनगरहून गेवराई, बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, लातूर. दिवसभराचा प्रवास. दिव्यांग कार्ड वरच्या खिशात ठेवा, एसटीत भाड्याची मोठी सवलत मिळते आणि कंडक्टर गर्दीत बॅग उपसायला थांबत नाही.

शेजारी लातूरचे एक मामा होते. गंजगोलाईत भांड्यांचं दुकान. सोळा रस्ते येऊन मिळणारी ती गोल बाजारपेठ म्हणजे लातूरची नाभी. तिथं त्यांचं तीन पिढ्यांचं बस्तान. मी मोबाईलवर बायकोचा मेसेज वाचत होतो, तेवढ्यात पलीकडच्या सीटवरून एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "काठी तर आंधळ्याची हाय, आन् मोबाईल बघायलेत बघ."

हे वाक्य मी वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या आवाजांत ऐकलंय. एरवी खिडकीबाहेर बघतो. या वेळी मामांचा पेपर मागून घेतला, त्याची सुरळी केली आणि म्हटलं, "ताई, एक डोळा मिटा आणि यातून बघा. मी दिसतो?"

"दिसायलाव की."

"माझे पाय?"

"...न्हाई."

पुढं ती सुरळी अर्ध्या गाडीत फिरली. प्रत्येक जण त्यातून शेजारच्याकडं बघून हसत होता. शहागडला गोदावरीचा पूल आला तेव्हा एक म्हातारबाबा सुरळीतून नदी बघायला गेले आणि म्हणाले, "निस्तं पाणीच दिसायलंय, नदी न्हाई." इतकं चपखल मला कधी सांगता आलं नसतं.

मामांनी विचारलं, "उद्या काय करायलाव?"

"लातूर बघणार."

"उद्या लातुरात कुत्रंबी भेटणार न्हाई. येळवस हाय उद्या."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर, धाराशिव आणि आसपासच्या भागातला हा सण मिरजेकडच्या आम्हाला माहीतच नसतो. घरात कुणी थांबत नाही, दुकानं बंद, सगळं शहर रानात जेवायला. ज्याला शेत नाही तो ओळखीच्याच्या शेतात. "या आमच्याकडं," मामा म्हणाले.

माझं उत्तर तयारच असतं. "नको हो, तुम्हाला उगाच त्रास."

"कसला त्रास? दीडशे उंडे हायत. तुम्ही खाऊन खाऊन किती खाल?"

आणि पुढचं त्यांनी इतक्या सहज सांगितलं की नकार द्यायला जागाच उरली नाही. "पाव्हणा नसला की आमची आई ताटावर बसत न्हाई. आमचं बी जेवण लांबतंय."

गुरुवार, येळवस

सकाळी लॉजखाली टमटम. त्यात मामा, मामी, सून, नातवंडं, आंबिलाची घागर, आणि डालग्यात झाकलेलं जेवण. गावाबाहेर पडलो तर रस्त्यावर नुसती वर्दळ, सगळे शेताच्या दिशेनं.

काळ्या रानात पांढरी काठी निरुपयोगी. टोक रुततं. पाचवीतल्या नातवाला माझी दोन वाक्यं सांगितली. त्यानं त्यात "ढेकूळ" आणि "पाट" हे दोन शब्द स्वतःच्या पदरचे घातले. आमच्या पुढं मामांची आई चालत होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली, गुडघे गेलेले, वय विचारलं तर "वाटंल तेवढं धर" म्हणणारी. बांध आला. सुनेनं हात पुढं केला. आजीनं तो झटकला, खाली बसली, बसूनच बांधावरून सरकत पलीकडं गेली आणि लुगडं झटकून उठली. "बघा," सून मला म्हणाली, "पन्नास येळा सांगितलं. हात धरला तर काय हात झिजंल का माझा?" मी काहीच बोललो नाही. मला आजीचीच बाजू पटत होती, आणि ती किती वेडगळ दिसते तेही दिसत होतं.

ज्वारीच्या ताटांची कोप, म्हणजे खोपी, उभी केली होती. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडलेले, ते पांडव. त्यांची पूजा, मग आंबील आणि अन्न शिवारभर शिंपडत, ओरडत एक फेरी. पोरांच्या आवाजावरून शेताची कड कुठवर आहे ते मला कळलं.

आता जेवण. भज्जी म्हणजे भजी नव्हे हो! तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे दाणे, हरभरा, भुईमूग, असतील तेवढ्या पालेभाज्या, चिंच आणि बेसन असं सगळं एकत्र शिजवलेलं दाट, आंबूस कालवण. त्यात बाजरीचे वाफवलेले उंडे कुस्करायचे. आंबट भात, वांग्याचं भरीत, पातीचा कांदा, शेंगांची पोळी, गव्हाची खीर, आणि मधेमधे घागरीतली ताकातली आंबील, ज्वारीच्या पिठाची, लसूण लावलेली. मागं सरलेल्याला पुन्हा वाढायचं ही तिथली रीत. मामी म्हणाल्या, "पाव्हणं, लाजायलाव का?" तेव्हा चौथा उंडा कुस्करत होतो.

खाताखाता गाव विचारलं. मी मिरज म्हटलं आणि मामांनी घास खाली ठेवला.

"मिरजेचे? मग तुमचं पाणी पेलोय की आम्ही!"

एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं. पाण्याच्या टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून कलेक्टरांनी जमावबंदी लावलेली. आणि मग मिरजेहून रेल्वेनं पाणी. राजस्थानात कोट्याला धुऊन आलेले टँकर, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, मिळून पाच लाख लिटर. १२ एप्रिलच्या पहाटे ती लातूरला पोचली. मला मिरजेची बाजू ठाऊक होती. स्टेशनवर आम्ही ते भरताना बघायला गेलो होतो, आमच्या गावाला तेव्हा बराच भाव आलेला. देणाऱ्याच्या बाजूला उभं राहणं किती सोपं असतं! लातूरची बाजू मी प्रथमच ऐकत होतो.

"त्या साली माझा धंदा जोरात," मामा म्हणाले. "घागरी, टिपं, बादल्या. माणसं पाण्यासाठी रडायलेली आन् माझा गल्ला भरायलेला. आन् वरून गाडीला हार घालायलेत लोक. मला तर गाडी बघायला जायचीबी लाज वाटली. आपण एवढं मोठं शहर, शिक्षणाचा लातूर पॅटर्न म्हणून मिरवायचं, आन् पाणी दुसऱ्याच्या नदीचं."

"लाज कसली?" सून आतून म्हणाली. "घागर भरलीच की. मी काय कृष्णेचं हाय का वारणेचं हाय विचारत बसले न्हाई. लेकरू तापलेलं होतं."

मामा हसले. आजी म्हणाली, "मी तर अंघोळ केली त्या पाण्यानं. चांगली तांब्याभर."

संध्याकाळी चुलीवर दूध उतू घालतात. ते ज्या दिशेला सांडेल त्यावरून येत्या सालचा अंदाज. मग कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवतात. अंधार पडला होता. मला बाकी काही दिसत नव्हतं, पण ती आग नीट दिसत होती, नातू तिच्यामागं पळत होता. परत जाताना बांधावर मी आजीला म्हटलं, "आजी, मला पुढचं दिसत नाही. जरा हात देता?" तिनं दिला. सून लगेच आजीच्या दुसऱ्या बाजूला आली. तिघंही उभ्यानं बांध ओलांडून गेलो.

टीप: येळवशीच्या दिवशी लातूर परिसरात असाल तर हॉटेलच्या भरवशावर राहू नका. कुणी रानात बोलावलं तर जा. रिकाम्या हातानं गेलं तरी चालतं, तरी पोरांसाठी काही खाऊ न्या. पैसे काढू नका, मी खिशाकडं हात नेला तेव्हा मामींचा चेहरा पडला.

शुक्रवार, किल्लारी

औसा, लामजना करत जावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. भूकंप. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. दगड-मातीची जाड भिंतींची घरं, वर मातीचे धाबे. झोपेतच त्याखाली गेले. सुमारे दहा हजार माणसं. जुन्या गावठाणात स्मारक आहे आणि नवं किल्लारी वेगळ्या जागी, सरळ रेषेतल्या रस्त्यांचं. मला असे सरळ रस्ते सोयीचे, पण पाराशिवायचं गाव चालताना चुकल्यासारखं वाटतं.

टपरीवर चहा घेताना चहावाला बोलका निघाला. भूकंपात तो सहा वर्षांचा होता. "ट्रकच्या ट्रक कपडे यायचे. मला एक कोट मिळाला. लग्नातला. नवरदेवाचा. गुडघ्याखाली यायचा. दोन हिवाळे काढले त्यात." वर पावसाची झड होती, चुली पेटत नव्हत्या, आणि कपड्यांचे ढीग भिजत पडले होते.

"काय पाहिजे ते कुणी विचारलं नाही?"

"विचारायचे की. पण आमचीच माणसं बोलायची न्हाईत. बापानं काय सांगायचं, बायको गेली, घर गेलं, आन् मला पत्रा पाहिजे? घरं बांधायच्या वेळंला शिकले मग बोलायला. दार कुठल्या बाजूनं, गोठा कुठं. भांडायला बी शिकले." त्यानं माझ्या हाताशी ग्लास टेकवला. "कप न्हाई दिला तुम्हाला. कानाचा कप धुंडाळावा लागतो, न्हाई का? ग्लास बरा."

त्या कोटाचं पुढं काय झालं हे विचारायचं राहून गेलं.

शनिवार, नांदेड

अहमदपूर, लोहा मार्गे दुपारी पोचलो. सचखंड हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये इथंच देह ठेवला, आणि आजचं बांधकाम एकोणिसाव्या शतकात महाराजा रणजितसिंगांनी करवलेलं. यात्री निवासाच्या खोल्या सुट्ट्यांत भरलेल्या असतात, आधी चौकशी करा. डोक्याला रुमाल हवा, नसला तर तिथं मिळतो. मराठी सगळीकडं चालते. नांदेडचे सरदारजी आपल्यापेक्षा ठसकेबाज बोलतात.

लंगरला पंगतीत बसलो. डाळ, भाजी, खीर. पोळी वाढणारा पुढं आला तेव्हा मी सवयीनं एक हात पुढं केला, दुसऱ्यात काठी होती. "भाऊ, दोन्ही हात," तो म्हणाला. "काठी ठेवा खाली, कुठं जात न्हाई ती." ओंजळ केली, पोळी पडली. इथं सगळ्यांनाच ओंजळ करावी लागते. माझ्या शेजारी सोन्याच्या अंगठ्या घातलेला एक व्यापारी होता, त्यालाही.

जेवण झाल्यावर सेवेचं विचारलं. भांडी घासायच्या हौदाकडं नको म्हणालो, तिथं ओली फरशी आणि पळापळ. म्हटलं, बसून करायचं आणि हातानं कळेल असं काहीतरी द्या. एका सेवादारानं कोपर पुढं केलं, "उतर" म्हणाला (मी शिकवलं होतं), आणि लसणाच्या ढिगाऱ्यापाशी नेऊन बसवलं. गोल करून बसलेल्या बायका, दोन म्हातारे, एक कॉलेजातली पोरगी.

माझा वेग बरा होता. थोड्या वेळानं लक्षात आलं, की शेजारच्या परभणीच्या काकू माझ्या ताटलीतल्या पाकळ्या मुकाट्यानं उचलून पुन्हा सोलतायत.

"काकू, साल राहतंय का?"

"राहतंय थोडं. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई."

"बोला की."

मग त्यांनी पाकळी माझ्या दोन बोटांत ठेवली, बुडखा नखानं मोडायला लावला आणि तळव्यावर तळवा घासून दाखवला. "आता फुंका." साल उडून समोरच्या म्हाताऱ्याच्या दाढीत गेलं. त्यानं ते काढलं आणि म्हणाला, "आता जमलं."

रात्री नवाच्या सुमाराला लसूण संपला. मी उठायच्या तयारीत काठी चाचपत होतो, तेवढ्यात त्यांनी आमच्यापुढं कांद्याचं पोतं आणून ओतलं.